पुराच्या आधी गावाचा आरोग्याचा प्लॅन करायचाय, नक्की काय काय धरायचं?

शिरोळचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. मी नोकरीला पुण्यात, आईवडील शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या गावात. २०१९ ला आणि २०२१ ला, दोन्ही वेळा घरात पाणी होतं. २०१९ ला तर मी हायवे बंद म्हणून पुण्यातच अडकलो आणि फोनवर नुसतं "काय झालं, कुठं आहात" करत बसलो. आईवडील शेजाऱ्यांच्या स्लॅबवर होते दोन रात्री. वडिलांचं इन्शुलिन फ्रीजमध्ये, फ्रीज पाण्यात, आणि हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

आता मे महिना चाललाय. गावातल्या तरुण मंडळाच्या पोरांनी ठरवलंय की यावेळी गणपतीच्या वर्गणीतून थोडे पैसे काढून पुराची तयारी करायची. पोरांची यादी आली: लाइफ जॅकेट, दोर, टॉर्च, मेणबत्त्या, बिस्किटाचे पुडे, फर्स्ट एड बॉक्स. चांगलंच आहे, पण मला सारखं वाटतंय की काहीतरी सुटतंय. कारण गेल्या दोन्ही पुरात आमच्या गल्लीत बुडून कुणी गेलं नाही, हाल झाले ते औषध संपलं, जुलाब लागले, डायलिसिसचा दिवस चुकला, बाळंतपण जवळ आलं अशा लोकांचे.

सरकारी आराखडा शोधला. जिल्ह्याच्या वेबसाइटवर जाडजूड पीडीएफ आहे, वाचला पण. त्यात गावाचं नाव, लोकसंख्या, स्थलांतराची शाळा हे आहे, आमच्या गल्लीचं त्यात काय असणार.

तर प्रश्न असा की आरोग्याच्या बाजूने गावपातळीवर आधी काय करून ठेवता येतं? कुणी केलंय का? आणि घरं कधी सोडायची हे कशावरून ठरवायचं, कारण आमच्याकडे नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार झालं (म्हणजे नदीचं पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिण दारातून बाहेर पडलं) की लोक आंघोळीला जायच्या तयारीला लागतात, बॅग भरायच्या नाही :)

---

कागदी_घोडा

दादा उगाच डोकं लावताय. आराखडा दरवर्षी कॉपी पेस्ट होतो, फक्त वर्ष बदलतं. मी आमच्याकडच्या एका आराखड्यातल्या नंबरवर फोन केला तर समोरचे साहेब म्हणाले माझी बदली होऊन ३ वर्षं झाली, आता मी विदर्भात आहे, इकडं ऊन आहे. ते पाणी येणार आणि आपण स्लॅबवर जाणार, हाच प्लॅन.

---

निवृत्त_आरोग्यसेवक

कागदी घोडा, तुमचं खोटं नाही पण म्हणून सोडून द्यायचं का. नंबर माणसाचा लिहू नका, पदाचा लिहा आणि दर जूनला स्वतः फोन लावून बघा, उचलतो का. १०७७ हा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा, १०८ ॲम्ब्युलन्स, ११२ पोलिसांचा, हे तीन बदलत नाहीत. बाकी पोलीस पाटील, ग्रामसेवक, तलाठी, आशाताई, सर्पमित्र, जेसीबीवाला, ट्रॅक्टरवाला.

शिरोळचे पाहुणे, तुमचा संशय बरोबर आहे. मी आरोग्य खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली काही गडचिरोलीत भामरागडकडं. तिथं पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर आलं की भामरागड तुटतं. तिथं पावसाळ्याच्या आधी एकच गोष्ट पहिली करतात, ती म्हणजे यादी. कोणत्या गावात कोण बाई गरोदर आहे, तारीख कोणती, आणि ज्यांची तारीख जवळ आलीय त्यांना रस्ता चालू असतानाच दवाखान्याजवळ आणून ठेवायचं. होडी नंतर. होडीतून बाळंतपणाची बाई नेणं काय असतं ते मी बघितलंय, पुन्हा बघायचं नाही.

तर तुमच्या पोरांना सांगा, लाइफ जॅकेट घ्याच पण त्याआधी दोनशे पानी वही घ्या. घरोघरी जा, आशाताईला बरोबर घ्या, तिच्याकडं निम्मी माहिती आधीच असते. काय लिहायचं: इन्शुलिन कोण घेतं, डायलिसिस कुणाचं आणि कुठल्या वारी, ऑक्सिजन लागतो का, टीबीची गोळी चालू आहे का (ही चुकवून चालत नाही, आणि लोक लाजून सांगत नाहीत, आशाताईलाच विचारू द्या), फिटची गोळी, मानसिक आजाराची गोळी, बाळंतपणाची तारीख, सहा महिन्यांच्या आतलं मूल, अंथरुणाला खिळलेलं माणूस, एकटं राहणारं म्हातारं. आणि प्रत्येकाच्या पुढं दोन रकाने. नेणार कोण, आणि कुठं. "पोरं नेतील" असं लिहायचं नाही. नाव लिहायचं. ज्याचं नाव त्याची सही.

आता कधी. तुमच्याकडं पंचगंगा पण येते आणि कृष्णा पण, त्यामुळं दोन आकडे बघायचे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. सांगलीत आयर्विन पुलाची इशारा ४०, धोका ४५. २०१९ ला राजाराम ५५ च्या वर गेला आणि आयर्विन ५७ च्या वर, म्हणजे धोक्याच्याही बारा फूट वर. लोक काय करतात, धोका पातळीची वाट बघतात. तोपर्यंत तुमचे ओढ्यावरचे पूल गेलेले असतात. म्हणून आजारी माणसासाठी पातळी तुमची तुम्ही ठरवा, इशाऱ्याच्याही खाली. तुमच्या गावचा कुठला रस्ता आधी बुडतो आणि तेव्हा राजाराम किती होता हे गावातल्या दोन जुन्या माणसांना विचारा, पाच मिनिटांत सांगतील. राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाज्यांवर पण लक्ष ठेवा, सात आहेत, एक उघडला की १४२८ क्युसेक पाणी नदीत. तीन चार उघडले आणि पाऊस थांबत नाही असं दिसलं की आमच्या भाषेत "ड्यू लिस्ट हलवा", म्हणजे तारीख जवळ आलेल्या बायका आणि यादीतले आजारी आधी हलवा.

पाण्याचं वेगळं लिहितो, ते मोठं आहे. जेवून येतो.

---

औषधवाला_बाबा

मेडिकल दुकान आहे माझं, तेवढ्यापुरतं बोलतो.

इन्शुलिन: उघडलेली बाटली किंवा पेन फ्रीजबाहेर साधारण ४ आठवडे चालतं, ऊन आणि उकाड्यापासून लांब असेल तर. म्हणजे लाइट गेली म्हणून लगेच फेकू नका. मातीचं मडकं घ्या, त्यात थोडं पाणी, त्यात डबा ठेवा आणि डब्यात इन्शुलिन, पाणी आत जाता कामा नये. वर ओलं फडकं. पूर म्हणजे गारठाच असतो, आरामात टिकतं. बर्फात मात्र टाकू नका. गोठलेलं इन्शुलिन वाया गेलं, परत वितळून दिसायला चांगलं दिसतं पण काम करत नाही. सुया आणि शुगर मोजायच्या पट्ट्या विसरू नका, सगळे बाटली नेतात आणि सुया कपाटात ठेवून जातात.

बीपी, शुगर, थायरॉइड, फिट, जे रोजचं आहे ते जूनपासून १५ दिवस जादा ठेवा. प्रिस्क्रिप्शनचा फोटो मुलाच्या मोबाईलमध्ये, आणि एक कागद लॅमिनेट करून. २०१९ ला कॅम्पमध्ये लोक यायचे, "ती पांढरी गोल गोळी द्या". अहो पांढऱ्या गोल गोळ्या माझ्याकडे चारशे आहेत.

लेप्टोबद्दल (लेप्टोस्पायरोसिस, पुरानंतर येणारा ताप). पुराच्या पाण्यातून, चिखलातून जे फिरतात त्यांना डॉक्सिसायक्लिन देतात, पण हे मेडिकल ऑफिसरला विचारूनच. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालची पोरं यांना ती गोळी नाही, त्यांना डॉक्टर दुसरं देतात. तरुण मंडळाने पाकीट आणून प्रसादासारखं वाटू नये ही हात जोडून विनंती, मी हे होताना पाहिलंय.

---

निवृत्त_आरोग्यसेवक

आलो. औषधवाले बरोबर बोलले. लेप्टो उंदराच्या मुतातून येतो हे लोकांना माहितीये, पण जनावराच्या मुतातून पण येतो, आणि गोठा धुणारा माणूस अनवाणी असतो. पाणी ओसरल्यावर दोन तीन आठवडे ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर "पावसात भिजलो" म्हणून घरी बसायचं नाही.

आता पाणी. पुरात जेवढी माणसं आजारी पडत नाहीत तेवढी पूर ओसरल्यावर पडतात. विहीर, बोअर, नळपाण्याची टाकी, सगळ्यात गाळ आणि संडासाचं पाणी मिसळलेलं असतं. टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) ग्रामपंचायतीत असते, पण कशी? पोतं फाटलेलं, कोपऱ्यात, ओल लागलेलं. टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, ते उघड्यावर उडून जातं, राहतो तो नुसता चुना. वास येतो म्हणून पावडर चांगली असं समजू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणा मंडळाच्या पैशातून, बिस्किटापेक्षा तो जास्त कामाचा.

टाकायचं कसं. हजार लिटरला ५ ग्रॅम हा आमचा नेहमीचा हिशोब, पुराचं गढूळ पाणी असेल तर जास्त लागतं. माणसं काय करतात, टाकीवर चढतात आणि वरून मूठभर भिरकावतात, होळीत गुलाल टाकल्यासारखं. पावडर तळाला जाऊन बसते. तसं नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत (लोखंडाची नको) पावडर घ्या, थोडं पाणी घालून काठीने कालवा, पेस्ट झाली की बादली भरा, ढवळा आणि ठेवून द्या. चुना खाली बसतो, वर निवळी येते. ती निवळी टाकीत ओतायची आणि गाळ फेकून द्यायचा. तोंडाला रुमाल, वारं ज्या बाजूनं येतं तिकडं पाठ.

मग अर्धा पाऊण तास थांबून ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीन, पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची). नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. आणि टेस्ट टाकीवर नाही करायची, सगळ्यात शेवटच्या घराच्या नळाला करायची. आमचा एक जलसुरक्षक (गावचं पाणी शुद्ध करणारा माणूस) टाकीखालच्या नळाला टेस्ट करून वहीत "पिवळा" लिहायचा, आणि गावाच्या टोकाच्या वस्तीत गॅस्ट्रोची लागण. टोकाला पांढरंच येत होतं.

घरी क्लोरीनची गोळी वापरत असाल तर पाकिटावर जेवढे लिटर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, आणि अर्धा तास झाकून. गढूळ असेल तर आधी चौपदरी सुती कापडातून गाळा. जुलाबाला ओआरएस, पाकीट नसेल तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा.

आणखी एक. तुमच्या भागातलं आरोग्य केंद्र पाण्यात जातं का ते विचारा. जात असेल तर लसींचा आयएलआर (लसी ठेवायचा फ्रीज) आणि सापाची लस कुठं हलवणार हे जूनमध्येच विचारायचं, गोड बोलून. पुरात साप घरात येतात. चावला तर कापू नका, करकचून बांधू नका, हात पाय हलू देऊ नका आणि जिथं लस आहे तिथंच न्या. म्हणून लस कुठं आहे हे आधी माहीत पाहिजे.

---

चिपळूणची_सून

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१. आमच्याकडे तुमच्यासारखं दोन दिवस फूट मोजत बसायला मिळालं नाही, वाशिष्ठीचं पाणी रात्रीत चढलं, वर भरती, पहाटे उठले तर जिन्याच्या चौथ्या पायरीवर पाणी. त्यामुळे पातळी बघा हे बरोबर, पण एक बॅग दाराजवळ भरलेली असूच द्या.

मला दोनच गोष्टी सांगायच्यात. एक म्हणजे नंबर. मी शहाणपणा करून सगळे इमर्जन्सी नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवले होते. फ्रीजच तरंगत गेला. मोबाईलला रेंज नाही, चार्जिंग नाही आणि स्वतःच्या नवऱ्याचा नंबर पण पाठ नाही मला. आता जिन्याच्या वरच्या मजल्यावर भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेत. पाहुणे म्हणतात हे काय, म्हटलं घराची शोभा.

दुसरं, निवारा म्हणून जी शाळा दिलेली असते ती आत्ताच जाऊन बघा, मुख्यतः संडास. २०१६ च्या एनडीएमएच्या (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या) किमान निकषांत निवाऱ्यात ३० माणसांमागे एक संडास, माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, दिवसाला माणशी किमान ३ लिटर पिण्याचं पाणी असं लिहिलेलं आहे. हे नुसतं पुस्तकी नाही, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली काढलेले निकष आहेत ते. मी नंतर एका शाळेत गेले होते मदतीला, अडीचशे माणसं आणि चालू संडास दोन. बायका दिवसभर पाणीच पीत नव्हत्या, रात्र व्हायची वाट बघत. त्यातल्या दोघींना लघवीचं इन्फेक्शन झालं, एक गरोदर होती. हे कुठल्याही फर्स्ट एड बॉक्समध्ये बसत नाही. तुमच्या मंडळाची सगळी पोरंच असतील तर यादी करायला दोन बायका घ्या बरोबर, नाहीतर सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे लंगोट आणि संडासाच्या दाराची कडी हे कुणाच्या डोक्यातच येणार नाही.

आणि हो, चिखल. पाणी गेल्यावर जो चिखल उरतो त्यात काचा, पत्रे, खिळे सगळं असतं. गमबूट घ्या, रबरी हातमोजे घ्या. मेन स्विच बंद असल्याशिवाय घरात पाय नको. आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना टिटॅनसचं इंजेक्शन घ्यावं लागलं.

---

म्हसरंवाला

तुमी सगळी शानी माणसं लई लिव्हलासा पर एक गोष्ट कुणीच काढंना. म्हसरं. मी पण नदीकाठचाच. माज्या गोठ्यात चार म्हशी एक रेडकू. २०१९ ला गावात येऊन सांगून गेलेली की चला म्हणून. कोण गेलं? कोणच न्हाई. कारण नेणारी म्हनायची माणसं चला, म्हसरं ऱ्हाऊ द्या. आवो म्हस सोडून कोण जाईल? एकेक म्हस लाखाची हाय, दुधाचा हप्ता त्याच्यावर चाललाय. मग म्हातारी म्हणती तुमी जावा मी बसते म्हसरांजवळ, आन् म्हातारीच शुगरची पेशंट. कळलं का? तुमची यादी करा, वही करा, पर म्हस हालल्याशिवाय म्हातारी हालत न्हाई.

त्यामुळं पयला प्लॅन जनावराचा. कुणाच्या माळावर बांधायची ते आदीच बोलून ठेवा, वैरण आन् वाडं तिकडं दोन दिवस आदी टाका. टेम्पो कुणाचा ते ठरवा. आन् पाणी एकाएकी आलं तर दावं कापून सोडा, बांधल्यालं जनावर दाव्यासकट बुडतंय, सोडल्यालं पोहून उंचवट्याला जातंय. घटसर्प आन् फऱ्याची लस पावसाच्या आदी टोचून घ्या.

आन् होडीचं. ब्रह्मनाळ आठवतंय न्हवं? ८ ऑगस्ट २०१९. घाबरून सगळी एकदम होडीत चढली, होडी उलटली, माणसं बुडून गेली. होडीत किती माणसं हे होडीवाला ठरवंल, सरपंच न्हाई आन् पुढारी तर न्हाईच न्हाई.

---

कागदी_घोडा

म्हसरंवाले दादा, याला म्हणतात आराखडा. माझा आधीचा प्रतिसाद मागे घेतो, अर्धा.

---

शिरोळचा_पाहुणा

सगळ्यांना उशिरा उत्तर देतोय, शनिवार रविवार गावी जाऊन आलो.

काय झालं ते सांगतो. आशाताईंना घेऊन आमची गल्ली आणि खालची वस्ती फिरलो, ६३ घरं. बायकांच्या बाजूने आई आणि एक शिक्षिका आल्या, चिपळूणच्या ताईंचं वाचून. यादीत इन्शुलिनवाले ९ निघाले, मला वाटलं होतं दोन तीन असतील. डायलिसिसचे एक काका, सोमवार गुरुवार मिरजेला जातात. २०२१ ला त्यांचा एक फेरा चुकलेला आणि अंग सुजून दम लागायला लागला तेव्हा कसंतरी ट्रॅक्टरमधून नेलं होतं. आता असं ठरलंय की राजाराम ३४ फूट झाला की काका आणि काकू मिरजेला भाच्याकडे जाणार, पाऊस थांबला तर परत येतील, गाडीभाड्याचे पैसे मंडळ देणार. ३४ का, तर जुन्या माणसांनी सांगितलं की आमच्या ओढ्याचा पूल ३६-३७ च्या दरम्यान जातो. सरकारी इशारा ३९ ला. म्हणजे इशारा यायच्या आधी आमचा रस्ता गेलेला असतो आणि ही गोष्ट गावात प्रत्येकाला माहिती होती, फक्त कुणी लिहून ठेवलेली नव्हती.

दोन बायकांच्या तारखा ऑगस्टमध्ये आहेत. एक माहेरी जाणार म्हणाली, माहेर कुठं विचारलं तर ते आमच्यापेक्षा खाली, अगदी नदीला लागून. सगळे हसलो पण तिचं नाव यादीत लाल शाईने.

म्हसरंवाले दादा, तुमचं शब्दशः खरं निघालं. वडिलांना म्हटलं ३५ ला तुम्ही जयसिंगपूरला आत्याकडे. म्हणाले बघू. मग म्हटलं म्हैस माळावर चुलत्यांच्या शेडमध्ये बांधायची, बोलणं झालंय. तर म्हणाले मग ३३ लाच हलवू की, वैरण ओली होईल उगाच.

टीसीएलचं पोतं बघितलं. निवृत्त काकांनी लिहिलं तसंच, फाटकं, आणि त्यावर झेंडावंदनाच्या खुर्च्या रचलेल्या. डबा आणला. ओटीची बाटली मात्र कुणाला सापडेना, एकजण म्हणतो कपाटात आहे, कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे, तो लग्नाला गेलाय. काका, ती बाटली जुनी असली तर चालते का, की नवीनच मागायची?

---

निवृत्त_आरोग्यसेवक

नवीनच मागा, आरोग्य केंद्रात किंवा पंचायत समितीत. जुनी उघडून ठेवलेली, उन्हातली बाटली असेल तर भरवसा नाही, पिवळं यायचं तिथं येत नाही आणि तुम्ही क्लोरीन वाढवत बसाल. मिळाली की अंधारात ठेवा, झाकण घट्ट, आणि तारीख लिहा वर.

आणि किल्लीची दुसरी करून घ्या आधी.